एकाच मोबाइलवरचं गाव

५ जानेवारी, सोमवार
शेवटून पहिले! तालुक्याच्या साहेबांनी भिंतीवर तक्ता दाखवला, तर डिजिटल टोकनात आमच्या गावचं आरोग्य केंद्र सगळ्यात खाली. आजपासून कागदाची चिठ्ठी बंद. दाराशी चौकोनी कोड चिकटवलाय. तो मोबाइलनं स्कॅन करायचा, मग टोकन, मग डॉक्टर. तपासणीचे रिपोर्टही मोबाइलवरच येणार. साहेब म्हणाले, "ज्यानं स्कॅन केलं तो पेशंट. एवढं सोपं आहे."

लोकांना शिकवायला माणूस हवा होता. गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान एकच — माझं. आठवीनंतर शाळा नाही, पण रेडिओपासून टचस्क्रीनपर्यंत सगळं स्वतः उघडून शिकलो. गळ्यात 'डिजिटल आरोग्यमित्र' असं कार्ड अडकवलं. पगार नाही. कार्डाची दोरी एका बाजूनं आखूड होती, ती शर्टाच्या खिशातल्या टेस्टरनं गाठ सोडवून सारखी केली. टेस्टर खिशात नसला की मला उघडं फिरल्यासारखं वाटतं.

घरी आल्यावर आभानं ती दोरी तोंडात घातली. नात माझी, नऊ महिन्यांची. मंजुषा तिला घेऊन माहेरी आली आहे, थंडीभर राहणार.

७ जानेवारी
कोड तिरपा लावला होता. काढून सरळ लावला. दिवसभरात एकानंही स्कॅन केलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार
अडचण अशी की ज्याच्याकडे दुखणं आहे त्याच्याकडे मोबाइल नाही. मोबाइल पोराजवळ, पोरगं पुण्याला. ज्यांच्याजवळ आहे त्यांचं रिचार्ज संपलेलं. आमच्या गावच्या आशा सेविका इंदूबाई शेवटी वैतागल्या. "भाऊ, बाया लेकरं घेऊन उभ्या हायेत केव्हाच्या. तुमच्याच मोबाइलवर काढून द्या ना सारे टोकन."

विचार केला. ज्यानं स्कॅन केलं तो पेशंट — बरोबर. पण एकानं किती वेळा स्कॅन करायचं, यावर नियम गप्प आहे. दुपारच्या आत रांग संपली. साहेबांनी ग्रुपवर अंगठा पाठवला.

१४ जानेवारी, संक्रांत
ॲपमध्ये माझी प्रकृती वाचली. मला साखर आहे. उजव्या पायाला कुत्रं चावलं आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि मला आठवा महिना लागला आहे.

साधनाला वाचून दाखवलं. बायको माझी, पण चेहरा जराही हलला नाही. तिळाचे लाडू वळता वळता म्हणाली, "पहिले सांगाचं ना जी. डोहाळजेवण केलं असतं." आणि वर, "आता एक टोकन सोताच्या खोकल्याचंही काढा."

माझा खोकला म्हणजे सोल्डरिंगचा धूर. या धंद्यातल्या प्रत्येकाला असतो. तिला हे किती वेळा सांगायचं?

तालुक्यात आम्ही तिसरे.

१९ जानेवारी, सोमवार
छातीचा एक्स-रे काढायचं यंत्र आलं. हातात धरायचं, लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याएवढं. क्षयरोग शोधायचं शिबिर. पुढे कोणी होईना. डोमाजी — माझ्या दुकानासमोर त्याची चहाची टपरी आहे — म्हणाला, "त्याच्यात आतलं सारं दिसते म्हणते. मले नाई दाखवाचं."

मग मीच उभा राहिलो. यंत्रवाला म्हणाला, काका, शर्ट काढा. म्हटलं, माझा फक्त लोकांना दाखवण्यापुरता आहे, मोजायचा नाही, घे असाच. टक् झालं. मी जिवंत आहे हे पाहून बाकीचे आले. शेवटी डोमाजीही. टोकनं अर्थात माझ्या मोबाइलवर.

२२ जानेवारी, गुरुवार
फोटो आले. मधे नेट गेलं होतं, म्हणून मागेपुढे होऊन आले. नाव सगळ्यांवर एकच, नीळकंठ — म्हणजे मी. त्यातल्या एकावर यंत्रानंच लाल शेरा मारलाय : क्षयाची शंका.

डॉक्टर मॅडमनी बोलावलं. "काका, हा माणूस कोण?"

म्हटलं, "मॅडम, नोंदीप्रमाणे मी."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, गोळ्यांनी बरा होईल, पण सापडायला तर हवा. आणि त्याच्या घरात लहान मूल असेल तर धोका आधी त्याला.

शोधून देतो म्हणालो. बारकाईनं पाहणं हेच तर माझं काम!

२४ जानेवारी
त्या दिवशीच्या लोकांत सतत खोकणारा एकच, डोमाजी. टपरीवर जाऊन विचारलं. त्यानं गाळणी खाली ठेवली. "मी तंबाखूनं खोकलतो. तुहा खोकला कायचा हाय? नेटवर्कचा?"

लोक हसले. पण संध्याकाळी पाहिलं तर त्याच्या बाकावर कोणी बसलेलं नव्हतं.

२८ जानेवारी, बुधवार
डोमाजीची थुंकी तपासली. काही निघालं नाही. टपरीवर गेलो तर त्यानं सगळ्यांना चहा दिला, मला रिपोर्ट दिला.

बाकीच्यांना एकेक करून बोलावतोय. बाया मला पाहून वाट बदलतात.

३० जानेवारी, शुक्रवार
फोटो मोठा करून पाहिला. दोष यंत्रातच आहे! डाव्या छातीवर एक उभी पांढरी रेघ. अगदी सरळ, खालचं टोक चपटं, वर बारीक वळलेला आकडा. माणसाच्या अंगात सरळ रेघ नसते, हे कळायला कॉलेज लागत नाही. रेघ खोटी तर डागही खोटा. कंपनीला दोन पानी तक्रार पाठवली, रेघेचं माप टाकून.

मॅडम म्हणाल्या, "काका, रेघ सोडा. माणूस शोधा."

शिकलेल्यांना बारकावा दाखवला की राग येतो.

२ फेब्रुवारी, सोमवार
तालुक्यात पहिले! शाल, नारळ, प्रमाणपत्र. साहेब भाषणात म्हणाले, "एका माणसानं मनावर घेतलं तर अख्खं गाव डिजिटल होतं." मागून डोमाजीचा आवाज, "गाव कुठचं? तो एकटाच झाला."

आभार मानायला उभा राहिलो, पण खोकल्याची उबळ आली, खाली बसलो. शाल लोकरीची होती, तिचे तंतू गेले असतील घशात.

शिबिरातले सगळे तपासून झाले. एकही निघाला नाही. म्हणजे मी म्हणत होतो तेच. यंत्र!

४ फेब्रुवारी
कंपनीला स्मरणपत्र लिहीत होतो, फोटो समोर उघडा. साधना ताट उचलायला वाकली आणि तशीच थांबली. "अवो, हा तर तुमचा टेस्टर."

खिशाला हात लावला.

आभा मांडीवर होती, कार्डाची दोरी चघळत. दोरी तिच्या तोंडातून काढली, तिला साधनाकडे दिलं आणि अंगणात येऊन बसलो. इथूनच लिहितोय.

सकाळी आभाचं टोकन काढायचं. मंजुषाच्या मोबाइलवरून.