आईनं अडवलेल्या तीन लॉऱ्या

मी, मथुराबाई बिरुदेव वाघमोडे, वय ८१, सासर मंद्रूप, माहेरही मंद्रूपच, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर व दोन एकर माळ मुलगा रेवणसिद्ध याला. स्वयंपाकघरात मात्र सुनेचाच शब्द चालेल.

२. माझी अडतीस मेंढरं नात प्रियंका हिला. कॉलेज शिकली तरी मेंढरं तिची हाक ऐकतात, बापाची ऐकत नाहीत.

३. माझी आई राजाबाई हिची काठी आणि घोंगडंही प्रियंकालाच. वकीलबाई म्हणतात, हकीकत नको. मी लिहिणार. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला. झेंडा लावला म्हणून माझा काका ज्ञानबा गोऱ्यांना हवा होता आणि तो आमच्या रानात लपला होता. त्याला धरायला तीन लॉऱ्या निघाल्या. आईनं भर दुपारी मेंढरं रस्त्यावर आणली. तापल्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालतात, मग मारलं तरी हलत नाहीत. हे धनगराच्या लेकराला ठाऊक, साहेबाला नव्हतं. सोजिरानं आईच्या खांद्यावर बंदुकीचा दस्ता हाणला. ती तिथंच बसून राहिली. ऊन कलेपर्यंत काका भीमेपार झाला. लढाई आईनं जिंकली.

४. काकाचा मुलगा जोतिराम चाळीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला माईकवर सांगायचा, की लॉऱ्या त्याच्या बापानं दगडांनी अडवल्या, चुलती येडी होती, चुकून उन्हात आली. गेल्या मे महिन्यात मी त्याच रस्त्यावर, भर दुपारी, त्याच्या गाडीपुढं मेंढरं घातली. अर्धा तास हॉर्न वाजवून तो उतरला.

"आक्का, हाकल की मेंढरं."

"आता हालत न्हाईत ती. मी चुकून आले व्हय रं?"

घाम पुसत म्हणाला, "न्हाय. तू अडवलंस. चुलतीनंबी अडवलंच हुतं."

लई बरं वाटलं मला.

५. जोतिरामला काहीही ठेवलेलं नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असं वकीलबाईंनी सांगितलं, आणि मला साक्षीदार तोच हवा होता.

ठिकाण: सोलापूर. दिनांक: १५ मे २०२५

लिहून ठेवणार: मथुराबाई बिरुदेव वाघमोडे (सही)

साक्षीदार:
प्रभुलिंग बसवराज हिरेमठ, शेजारी (सही)
जोतिराम ज्ञानबा गावडे (सही). कलम तीन सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. खरं आहे. राजाबाई माझी चुलती.