एकतिसावा पत्ता

३, सोमवार

रेंज भरली! दहापासून अडीचशेपर्यंत सगळे आयपी पत्ते संपले. आमच्या क्लाउडवर कुणीही नवं मशीन चालू केलं की या गेस्ट रेंजमधला एक पत्ता त्याला जातो. पत्ता नाही तर मशीन नाही.

आणि नेमक्या आजच कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या बाई आल्या. पंधराला गोष्टी सांगणारे एक गृहस्थ शाळेत येणार. ते बोलतील तसं प्रत्येक मुलापुढच्या पडद्यावर अक्षरांत उमटायला हवं. तीस मुलं, तीस मशीनं. "विनोद त्यांच्यापर्यंत पोचतो तोवर बाकीचे हसून मोकळे झालेले असतात. एकदा तरी सगळ्यांबरोबर हसू देत," म्हणाल्या. काय स्वच्छ बोलतात बाई! नाहीतर आमच्या घरचे.

नेटवर्कवाले नवी रेंज महिन्याभराने देणार. साहेब म्हणाले, नाही म्हणून सांगा. मी आधीच हो म्हणून बसले होते!

४, मंगळवार

मी निघताना हे दारात पुटपुटले. रोजचंच. कुरकुर असणार — मी वळूनसुद्धा बघत नाही. 'टीव्हीचा आवाज कमी कर, कान तपासून घे' एवढं मात्र मोठ्यांदा म्हणता येतं! कान शाबूत आहेत माझे.

६, गुरुवार

सापडलं! यादी एकेक ओळ करून चाळली. तब्बल तीस पत्ते 'राखीव' — आणि एकावरही मशीन नाही. म्हणजे ज्याने त्याने दोन-चार, दोन-चार दडवून ठेवलेत. सगळ्यांना खरमरीत मेल पाठवली. 'लोकांच्या वाट्याचं अडवून बसायला लाज वाटावी' असंही लिहिलं. बरं वाटलं.

७, शुक्रवार

बॅकअपवाला खाली मान घालून चार सोडून गेला. संध्याकाळपर्यंत एकोणीस. अजून अकरा कुणाचे? कुणी कबूल होईना. सोमवारी नावानिशी पकडते.

१०, सोमवार

पकडलं. २४० ते २५०. नऊ वर्षांपूर्वी राखून ठेवलेले, शेरा — 'अडीअडचणीला असू देत'. ठेवणारीचं नाव माझं!

अगदी विसरले होते. नोकरीचा पहिला आठवडा, घाबरले असेन. आता काय, उठले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बॅकअपवाला हसून हसून टेबलावर आडवा झाला. चहा मीच पाजला. पण तीस पुरे झाले!

१२, बुधवार

बाईंची मेल — एकतीस करा. तीस दिले की लगेच एकतिसावा! मुलं तर तीसच आहेत. कुठून आणू?

माझं एक जुनं मशीन आहे. नऊ वर्षं सगळे प्रयोग त्याच्यावर केले. बंद केलं, पत्ता सोडवून त्यांना दिला. जीव जरा हळहळला.

१५, शनिवार

बाईंनी हात धरून मुलांच्या ओळीत नेऊन बसवलं. एकतिसावा पडदा माझ्या खुर्चीपुढे! मला राग आला. उठणारच होते, तेवढ्यात गोष्ट सुरू झाली.

अक्षरं धावायला लागली. एकही शब्द निसटत नव्हता. गाढव आणि न्हाव्याच्या गोष्टीत तर आम्ही एकतीस जण एकदम हसलो — मागचे पालक हसले तेव्हाच. शेजारच्या मुलीने खुशीत माझ्या मांडीवर थाप मारली. आणि मला आठवलं, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी आधी इतरांची तोंडं बघते, मग हसते. किती वर्षं, कोण जाणे.

निघताना बाईंना विचारलं, कसं ओळखलंत?

"पहिल्याच दिवशी. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात."

रडले थोडी. पण फार छान गेला दिवस. सगळी मशीनं शेवटपर्यंत चालली!

१७, सोमवार

कान तपासून घेतले. ह्यांना म्हटलं, तुमचंच खरं. मला वाटलं होतं आता मिरवतील. नुसते हसले आणि टीव्ही बंद केला.

२४, सोमवार

श्रवणयंत्र घालून पहिला दिवस. आपला पंखा केवढा करकरतो! निघाले तर दारात हे नेहमीसारखे पुटपुटले —

"सांभाळून जा गं. वाट बघतो."

आज काय विशेष, म्हटलं.

रोज हेच म्हणतो, म्हणाले.