हॉलमधली साबणाची बाई

रविवार, संध्याकाळ

संदीपने नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जुन्या फ्रेंच साबणाच्या जाहिरातीची प्रिंट फ्रेम करून लावलीय. पिवळ्या झग्यातली बाई, हातात वडी. पाहुण्यांना त्या चित्रकाराचं अख्खं आयुष्य सांगत होता.

मी म्हटलं, "तुझ्या बाबांनीही घोटीत भिंतींवर साबणाच्या बायाच रंगवल्या."

"आई, ते वेगळं," हळूच म्हणाला.

वेगळं कसं? ह्यांच्या बाईचं पातळही पिवळंच असायचं. त्याच रंगावर हा इंजिनियर झाला ना?

एका पाहुणीने विचारलं, "तुमचे मिस्टर आर्टिस्ट होते?"

मी बोलायच्या आत संदीप म्हणाला, "छे, बाबांचा बिझनेस होता."

हे जाऊन वर्षही झालं नाही. आणि मी हो म्हणून मान हलवली. मला आता याच घरात राहायचंय.