दर्या नसलेला देश

मालवण, बुधवार, संध्याकाळ

राजदूत म्हणून नेमणूक झाल्याचं सकाळी कळलं. सारी नोकरी याचीच वाट पाहिली, आणि दिवसभर डोक्यात एकच, बाबांना कसं सांगू? आई गेल्यापासून एकटेच असतात.

शेवटी ओसरीवर सांगितलं. जन्मभर मासेमारीच्या होडीवर तांडेल होते; त्यांनी एवढंच विचारलं, “थंय दर्या आसा मां?”

नाही. त्या देशाला समुद्रच नाही. तीन वर्षं तिथे, समुद्राशिवाय, आणि बाबांचं हे वय... मला राहवेना.

“बाबा, मी जावचंय नाय. तसा कळवतंय.”

“येडी काय गो? थंय नमस्कार कसो करतत, ता सांग.”

“तुमका कित्याक?”

“मी फोन केलो आनी दुसऱ्या कोणी उचललो तर? मुक्यासारखो रवू?”

सांगितला. तेव्हापासून अंगणात फेऱ्या मारत तो शब्द घोळवताहेत. उच्चार पार मालवणी. मी दुरुस्त केला नाही. आत्ता शेजारच्या काकूंनाही तसाच नमस्कार घातला. त्या गोंधळल्या, “काय झाला तात्यानू?”

“माझा चेडू राजदूत झाला!”

आत येऊन मी होकार कळवला.