कुर्म्यातली उत्तरपत्रिका

४ मार्च १९५७
आज पुन्हा तेच. गणिताचा तास सुरू होतो न होतो तोच हेडमास्तर दारात. "मुलींना शिवणाला पाठवा. बीजगणित शिकून काय चुलीपुढे समीकरणं मांडणार?" मुलं हसली. मुलीही हसल्या, त्याचा जास्त संताप आला. जानो तेवढी हसली नाही. परवा तिने काठीच्या सावलीवरून शाळेमागच्या मोहाची उंची काढली, वर ताळाही करून दाखवला. आज तीच पोर अभ्र्याला टाके घालत बसली होती. आठवीतली एकटी गोंड मुलगी, आणि गणितात सगळ्यांच्या पुढे!

७ मार्च
चांद्याच्या मुलींच्या हायस्कुलात गणित-विज्ञान घ्यायचं तर निवड परीक्षा. वसतिगृहात आमच्या शाळेला एकच जागा. जानोचं नाव दिलं. हे. मा. म्हणाले, "द्या. नापासच होईल." सही त्यांनी कशीबशी केली, बोटं भाजलेली. त्यांच्या बायकोची पाळी, ती मागच्या पडवीत बसलेली. भाताचं पातेलं स्वतः उतरवतात. बरं झालं.

१० मार्च
जानोचा बाप चैतू आला. "चांद्याले एकटी कशी राह्यन पोरगी? मोहफूल येचाले कोन जाईन?"
जानो मागून, "राहीन नं बा. मले झाडं मोजाचे आहे, जंगलखात्याचे साहेब मोजते तसे."
चैतूने तिच्याकडे पाहिलं. मग, "तुमच्या भरवशावर धाडतो, बाई."
भरवसा.

१८ मार्च
परीक्षा. जानो नाही. घंटा झाली तरी नाही. तशीच उन्हात तिच्या गावी गेले. कुर्म्यात आहे म्हणे. पाळीच्या बायकांची गावाबाहेरची झोपडी. आजच नेमकी! आत भिंतभर कोळशाने मांडलेली उदाहरणं.
"शिवू नोका, बाई."
"चल, उठ."
"मी निघाली तं गावावर कोप येते म्हणते. मले नाई पटत. पन आजी रडून राह्यली."
आजीवर ओरडले. चैतूवर ओरडले. तो मान खाली घालून उभा. कोणाशी भांडावं?
परत आले तर हे. मा. खुशीत. "जंगली लोक. मी सांगितलं नव्हतं?" मी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची बोटं बरी झाली का? भात करताना भाजलेली?" मास्तर मंडळी खाली बघून हसली. चांद्याहून आलेले परीक्षक म्हातारे, भले. म्हणाले, दुसरा पेपर आहे माझ्याकडे, उद्या कुर्म्यातच लिहू दे, मी समोर झाडाखाली बसतो.

१९ मार्च
लिहिला. परीक्षकांनी पेपर जमिनीवर ठेवला, तिने उचलला. एकदाही मान वर केली नाही. शेवटी उत्तरपत्रिका उंबऱ्याबाहेर ठेवली आणि मागे सरली. कुर्म्यातलं काही धुतल्याशिवाय गावात येत नाही. कागद कसा धुणार? परीक्षक घुटमळले. मी उचलली. आजी किंचाळली. जानो एवढंच म्हणाली, "बाई, कोनी वाचीन का?"
शाळेत आले. बंद पाकिटावर हे. मा.ची सही लागते. "टेबलावर ठेवू नका ते. गोमूत्र शिंपडा आधी." काल जंगली म्हणणारा हाच माणूस! मी पाकीट पुढे केलं तर खुर्चीच मागे ओढली. परीक्षक म्हणतात, सहीशिवाय नेता येत नाही, नियम आहे, सकाळच्या मोटारीने मी निघतो. शिपायाने मला पाण्याचा पेला दिला नाही, वरून ओंजळीत ओतलं. नीट चिडताही येईना, रडूच आलं.

२० मार्च, सकाळ
हे. मा.च्या दारात बसून लिहिते आहे. मोटार वडाखाली उभी. परीक्षक आत चढले आहेत, ड्रायव्हर चहा पितो आहे. हे. मा. आंघोळ करताहेत. मला दारात पाहून दुसऱ्यांदा गेले.
त्यांची बायको बाहेर आली. तिच्याशी कधी बोलले नव्हते. "हे त्याच पोरीचं काय?" पाकीट माझ्या हातून घेतलं, उलटसुलट पाहिलं, पदराने धूळ पुसली. आत जाऊन दौत-टाक आणला. न्हाणीच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "अहो, मी शिवली पाकिटाले. आता मलेबी घराबाहेर काढता काय?"
आतलं पाणी ओतणं थांबलं. मोटारीचा भोंगा वाजला. दार अजून उघडलेलं नाही.