मागच्या आसनावरचा दिवा

व्याहीबुवांच्या सेवेशी सविनय नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो, की अजून प्रत्येक पायरीशी वाद घालतो, ते कळवावे. विहीणबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन निर्विघ्न पार पडल्याचे ऐकून ईश्वराचे आभार मानले. इकडे सर्व क्षेम आहे, एवढेच लिहून पत्र संपवण्याचा मोह होतो. परंतु या वयात असत्य शोभत नाही. (या वयात मी जे केले तेही शोभत नाही, म्हणूनच हे पत्र.)

आपण सूनबाईला दिलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू झाली नाही. तिला नऊला नोकरीच्या मुलाखतीसाठी पोहोचायचे होते. मुलीच्या संगोपनासाठी सहा वर्षे घरी राहिलेल्या आपल्या कन्येला त्या मुलाखतीचे मोल किती होते, हे मी आपणांस काय सांगावे? तिने किल्ली फिरवली. आतून 'टक्' एवढाच आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. त्या वेळी मी पूजेनंतरच्या मौनात होतो. ते रोज दहापर्यंत असते आणि तीस वर्षांत मी ते कोणासाठीही मोडलेले नव्हते. अडलेल्या सुनेच्या साहाय्यासाठी मोडले असते, तर पुण्यच पदरी पडले असते. मी ते मोडले फाटकाशी जमलेल्या शेजाऱ्यांपुढे तिला बोल लावण्यासाठी. "दिवे चालू ठेवून उतरली असशील! वडिलांनी वस्तू आयती दिली की तिची किंमत राहत नाही!" येथे तरी थांबावे, पण नाही. अनवधान या दोषाचे विवरण आरंभले, त्यासाठी रथ आणि सारथी यांचा जुना दृष्टान्त घेतला, आणि घोड्यांपर्यंत पोहोचेतो आठ वाजून वीस मिनिटे झाली.

दरम्यान मंडळींची चिकित्सा चालू होती. दंतवैद्यांनी बॉनेट उघडून बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी पूड कीड काढावी तशी खरवडली. (व्यवसाय माणसाला सोडत नाही.) निवृत्त हेडमास्तरांनी हॉर्न वाजवायला लावला, तो घोगरा निघताच "नापास!" म्हणून मोकळे झाले. मग सर्वांनी मिळून गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलली आणि तेवढ्याच भक्तिभावाने परत आणली. सूनबाई एवढेच म्हणाली, "राहू द्या बाबा, माझ्याच हातून राहिला असेल." मागच्या आसनावरून काहीतरी उचलून तिने माझ्या हातात ठेवले आणि ती बस गाठायला धावली. मी दृष्टान्तात असल्याने हातात काय आले ते न पाहताच खिशात टाकले. ती चाळीस मिनिटे उशिरा पोहोचली.

दुपारी मिस्त्री आला. म्हणाला, "टक् होतंय म्हणजे धुगधुगी आहे, आजोबा. पण इंजिन फिरवायला पुरत नाही." त्याने दंतवैद्यांच्या गाडीवरून तारा जोडताच गाडी गुरगुरून उठली आणि तिच्या छतातला मागचा छोटा दिवा लख्ख झाला. "हे काय! दिवा चालूच आहे की! मागं कोण बसतं?"

व्याहीबुवा, मागे मी बसतो. घरात दुपारी नात, तिचा टीव्ही आणि तिच्या मैत्रिणी असतात. गाडीची काच वर केली की आश्रमाची शांतता लाभते. गॅरेजात अंधार, म्हणून दिवा. रविवारी मी तेथे अहंकारत्यागाचा अध्याय संपवला आणि इतक्या वैराग्याने उतरलो की दिव्याचाही त्याग घडला. मिस्त्रीच्या प्रश्नावर मी खिशातून चष्मा काढू लागलो आणि मग उमगले, की सकाळी सूनबाईने हातात ठेवले ते हेच. तिला सारे ठाऊक होते, आणि मी व्याख्यान देत होतो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन "चुकलो" म्हणालो. ती भांडी विसळत होती. न रागावता म्हणाली, "बाबा, बोललात चारचौघांत, आणि चुकलो म्हणताय ते स्वयंपाकघरात?" मुलाखतीसाठी तिला पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावले आहे. पण ती बसनेच जाणार म्हणते. गाडीची किल्ली तिने माझ्या पोथीशेजारी आणून ठेवली आहे. तीन दिवस मी फाटकाशी जातो, दंतवैद्य नमस्कार करतात, आणि मी हवापाण्याविषयी बोलून परततो.

आपला अपराधी,
व्याही

ता. क. : आपण रविवारी यावे, ही खरी विनंती. आपण नुसते शेजारी उभे राहिलात, तर त्या मंडळींसमोर तोंडून शब्द फुटेल असे वाटते.

ता. क. २ : टपालाचे तिकीट नसल्याने पत्र एक दिवस राहिले. आज सकाळी सर्वजण फाटकाशी असताना मी सांगून टाकले : "दिवा मी ठेवला होता. सूनबाईला बोललो, तो माझा अन्याय होता." दोनच वाक्ये. हेडमास्तर पुढच्या भागाची वाट पाहत राहिले. सूनबाई बाहेर आली, तिने माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि म्हणाली, "गुरुवारी गाडीनंच जाते. तुम्ही मात्र दारात उभं राहायचं नाही."

तेव्हा रविवारी येण्याचे कष्ट घेऊ नयेत. गुरुवारी आठच्या आत अवश्य यावे आणि मला कोठेतरी दूर घेऊन जावे. ती गाडी मागे घेताना मी घरात असलो, तर खिडकीतून सूचना केल्यावाचून राहणार नाही.