आमसूल लावत बसू नका

३ जानेवारी २००५, सोमवार
संकल्प: या वर्षी रोजनिशी रोज लिहायची. गेल्या वर्षीची ९ जानेवारीला संपली. कारणं बाह्य होती.
नवी जबाबदारी आली आहे. एखाद्याला शेंगदाणा, गांधीलमाशी किंवा औषध सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो आणि माणूस पंधरा मिनिटांत जातो. मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचं एक इंजेक्शन वेळेवर दिलं तर वाचतो. महाशिवरात्रीला त्र्यंबकच्या बंदोबस्तावर जाणाऱ्या पोलिसांना हे शिकवायचं. सुई डॉक्टरीणबाई शिकवणार. थिअरी आणि मराठी पुस्तिका माझ्याकडे. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, तुम्ही पेपरवाले, चार ओळी द्या लिहून. मी बारा प्रकरणं योजली आहेत.

११ जानेवारी, मंगळवार
पुस्तिकेचं नाव ठरलं: 'तीव्र अतिसंवेदन-प्रतिक्रिया: स्वरूप व प्रथमोपचार'. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सरळ अ‍ॅलर्जी म्हणा हो. विज्ञान शिकलेल्यांना भाषेची कदर नसते.
पहिल्या पानावर स्वरचित अनुष्टुभ. पाठशाळेतली आठ वर्षं फुकट गेली नाहीत:
शाययेत् प्रथमं भूमौ पादावूर्ध्वं निधापयेत् ।
ऊरौ सूचीं ततो दद्याद् वैद्यमाकारयेद् द्रुतम् ॥
पोलीस हा जन्मभर विसरणार नाहीत.
बाईंचा आग्रह आहे की पहिल्या पानावर ठळक ओळ हवी: 'हे पित्त नव्हे. आमसूल लावत बसू नका.' कारण आपल्याकडे गांधी उठल्या की घरचे 'पित्त उठलं' म्हणतात, आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात आणि वेळ तिथेच जातो. मी म्हटलं, पहिल्या पानावर श्लोक आहे, जागा नाही. मागे कुठेतरी घेऊ.

२२ जानेवारी, शनिवार
प्रुफं आली. सौ.ने चष्मा लावून शेवटचं, आमसुलाच्या ओळीचं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, शामावन्संचं असंच झालं होतं का?
नाही. श्यामला माझी धाकटी बहीण. मे १९७६, चुलतभावाची मुंज, पंगतीत शेंगदाण्याची चटणी. ते पित्त होतं. मी स्वतः सायकल हाणत जाऊन आमसुलं आणली, स्वतः भिजवली, स्वतः चोळली. एकोणीस वर्षांची होती. डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर हृदय लिहिलं. लेखी आहे.
सौ. म्हणाली, बरं. तिचं 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.
काही वाटलं नाही. पान एकतीसवरचा एक दीर्घ ऱ्हस्व केला. आमसुलाची ओळ परिशिष्टात, बारीक टायपात घातली. मांडणीच्या दृष्टीने.

४ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिला वर्ग. उपस्थिती सत्तावीस. जागृत पाच. श्लोक तीनदा म्हणवून घेतला. मागच्या बाकावर हवालदार हिरामण, सुरगाण्याकडचा, जाड मिशा, चेहऱ्यावर माशी बसली तरी हलत नाही. त्याला अर्थ विचारला. उठून म्हणाला, म्हंजे आडवं पाडायचं, पाय वर करायचे, मांडीत टोचायचं, गाडी बोलवायची. त्यावर कोणीतरी म्हणालं, हे तर आपलं रोजचंच हाय, सुई तेवढी नवी. वर्ग हसला. इन्स्पेक्टरसाहेब हसले आणि मग खोकले.
नोंद: वर्ग रंगला. श्लोकाचा परिणाम.

५ फेब्रुवारी, शनिवार
सुई टोचण्याचा सराव संत्र्यांवर. जेवणाच्या सुट्टीनंतर संत्री शिल्लक नव्हती. चौकशीत कोणी कबूल झालं नाही. हे पोलीस असल्याने स्वाभाविक. हिरामणने डब्यातली द्राक्षं पुढे केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, द्राक्षाला मांडी कुठे असते हिरामण? तो म्हणाला, संत्र्याला तरी कुठं हाय बाई.
त्याचा हात मात्र स्थिर. गावाकडे शेळ्यांना टोचतो म्हणे. निव्वळ हस्तकौशल्य. तात्त्विक बैठक नाही.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार
प्रकरण नऊ. हिरामणने चक्क परिशिष्ट वाचून आणलं होतं, चहाच्या डागासकट. म्हणाला, सायेब, आमच्याकडं घोंगडीनं चोळत्यात, आमसूल बी लावत्यात. मंग ते चुकलंच ना? मी म्हटलं, परिशिष्ट परीक्षेला नाही. खाली बसला. पुन्हा उठला. म्हणाला, पन आधी ज्यांनी चोळलं त्यांचं काय? त्यांला काय ठावं होतं?
हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही, असं सांगून वर्ग दहा मिनिटं आधी सोडला.

१ मार्च, मंगळवार
रंगीत तालीम. रुग्ण म्हणून शिपाई चंदरला मैदानात झोपवलं. स्टॉपवॉच माझ्याकडे. मदत पोचायला एकोणीस मिनिटं लागली, कारण औषधाच्या पेटीची किल्ली ज्याच्याकडे, तो रजेवर. तोवर चंदर खरोखरच झोपला. टोचायला गेले तेव्हा दचकून उठला आणि त्याने हिरामणला लाथ मारली.
निष्कर्ष: माणसं तयार आहेत, व्यवस्था कच्ची. म्हणून बंदोबस्ताच्या दिवशी एक पेटी जीपमध्ये आणि दुसरी माझ्या शबनम पिशवीत राहील असं मीच सुचवलं. पोलिसांचा भरवसा नाही. डोकं शांत ठेवणारं कोणीतरी हवं.

७ मार्च, सोमवार
उद्या त्र्यंबक. बातमीचा मथळा आत्ताच लिहून ठेवला: 'प्रशिक्षणाचा विजय'. फक्त घटना बाकी आहे.
सौ. म्हणाली, उपासाची खिचडी म्हणजे दाण्याचं कूट आलंच, डोळ्यांत तेल घालून राहा. मी म्हटलं, प्रकरण चार मीच लिहिलंय.

८ मार्च, मंगळवार, सकाळी ९
गर्दी प्रचंड. मन स्थिर. पेटी शबनममध्ये, शबनम खांद्यावर.
दुपारी १
काही घडलेलं नाही. जीप गर्दीच्या पलीकडे अडकली आहे. चिंता नाही, मी आहे.

९ मार्च, बुधवार
घटनाक्रम, वार्ताहराच्या शिस्तीने.
काल दुपारी तीनच्या सुमारास, कुशावर्ताजवळच्या गल्लीत खिचडीचं वाटप. हरसूलकडून आलेली सविता, सोबत आई भिमाबाई. चार घास खाल्ल्यावर मुलगी मान खाजवू लागली. मग गांधी. मग ओठ. मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज. भिमाबाईने माझी बाही धरली, म्हणाली, बाबा, बघा ना व माझ्या पोरीला काय झालं. वय विचारलं. एकोणीस, म्हणाली.
सगळी लक्षणं माझ्या ओळखीची होती, क्रमाने. मी म्हटलं, घाबरू नका, पित्त आहे. आवाज माझाच होता. आणि मी आमसुलं आणायला निघालो.
पहिल्या दुकानात नव्हती. दुसऱ्यात नव्हती. तिसऱ्यात मिळाली. पाव किलो मागितली. दुकानदार सावकाश जोखत होता, मी उभा होतो. घाई करावी असंही वाटलं नाही. पेटी पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर होती.
मागून आरडाओरडा ऐकू आला: धरा त्यांला, पिशवी, पिशवी! हिरामण धावत येत होता. लोकांनी काय समजायचं ते समजलं. देवळ्याच्या एका धष्टपुष्ट गृहस्थाने मला दोन ठेवून दिल्या. खुलासा झाल्यावर त्याने माफी मागून केळं दिलं. तोवर हिरामण शबनम ओढून पळाला होता.
मी परत पोचलो तेव्हा मुलगी आडवी, पाय चंदरच्या मांडीवर, परकरावरूनच सुई मांडीत गेलेली. हिरामण पुटपुटत होता: आडवं, पाय, मांडी, गाडी. आडवं, पाय, मांडी, गाडी. थोड्या वेळाने शिट्टी थांबली. मुलीने पाणी मागितलं. भिमाबाई त्याच्या पायाशी बसली आणि तो ओरडला, मावशे, तिला वारा घाल आधी.
माझ्या हातात पुडी होती. खिशात स्टॉपवॉच चालू होतं. केव्हा दाबलं ते आठवत नाही. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
परतताना जीपमध्ये हिरामण म्हणाला, सायेब, तुमाला सात-आठ हाका मारल्या. तुमी मागं बघितलंच नाय. एवढंच म्हणाला. बाकीचा रस्ता द्राक्षांच्या भावावर बोलला.
मथळा वापरला नाही. बातमीही दिली नाही.

१२ मार्च, शनिवार
सविताला घरी सोडलं, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं.
इन्स्पेक्टरसाहेबांनी बोलावलं. पुढच्या तुकडीला हिरामण शिकवणार. पुस्तिका एका पानाची केली आहे. वर ठळक: 'हे पित्त नव्हे. आमसूल लावत बसू नका.' खाली त्याचे चार शब्द. म्हणाले, तुम्ही शुद्धलेखन तेवढं बघा. बघितलं. चूक नव्हती.
सौ.ने शबनम धुवायला काढली. आत आमसुलांची पुडी निघाली, ती उलगडून पाहिली. मग म्हणाली, याचं काय करू? मी म्हटलं, आमटीत घाल. बरं, म्हणाली.
आमटी आंबट झाली होती. श्यामलाला तशीच आवडायची. दोनदा घेतली.
शुद्धिपत्र: २२ जानेवारीची नोंद. 'ते पित्त होतं' हे वाक्य गाळावं.